बायोप्सीच्या रिपोर्टात ‘मॅक्रोफेज ३० टक्के’ लिहिलंय, म्हणजे आजार जास्त वाईट आहे का?

तळ्याकाठी

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. मानेत डाव्या बाजूला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून त्याने दोन महिने कुणाला सांगितलंच नाही, मग खोकला सुरू झाला आणि एक्स-रेमध्ये छातीतही सावली दिसली. मानेतली एक अख्खी गाठ काढून तपासली. निदान क्लासिकल हॉजकिन लिंफोमा (लिंफ ग्रंथींचा कॅन्सर), नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकार, स्टेज २. डॉक्टर म्हणाले बरा होणारा आजार आहे, एबीव्हीडी (चार औषधांची केमो) सुरू करू, दोन सायकल झाल्या की पेट स्कॅन करू. इथपर्यंत आम्ही सगळे कसेबसे सावरलो होतो.

मग परवा मी फाइल लावताना रिपोर्टचं दुसरं पान नीट वाचलं. त्यात सीडी३०, सीडी१५ वगैरे पेशी ओळखायच्या खुणा झाल्यावर खाली एक ओळ आहे, पार्श्वभूमीत लिंफोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, आणि सीडी६८ पॉझिटिव्ह मॅक्रोफेज वाढलेले, अंदाजे ३० टक्के. एवढंच. आधी वाटलं असेल काहीतरी नेहमीचं, पण मनात पाल चुकचुकली आणि रात्री मोबाइलवर शोधत बसले. २०१० चा एक अभ्यास सापडला, हॉजकिनमध्ये गाठीत मॅक्रोफेज जितके जास्त तितकं पुढचं वाईट, ५ टक्क्यांच्या खाली असलेले सगळ्यात चांगले आणि २५ च्या वरचे सगळ्यात वाईट. ३० म्हणजे आम्ही त्या शेवटच्या गटात ना? तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाहीये. आईला सांगितलं नाही, भावाला तर नाहीच.

मला एक कळत नाही, मॅक्रोफेज या आपल्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी ना, शाळेत तर जंतू खाणाऱ्या पेशी म्हणून शिकवल्या, मग त्या जास्त असणं चांगलं असायला हवं, उलटं कसं? आणि हा आकडा एवढा आहे म्हणून औषधं जास्त जोरदार द्यायला हवीत का? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि भाऊ शेजारी बसलेला असतो, त्याच्यासमोर हे विचारायला तोंडच उघडत नाही. कुणाला माहीत असेल तर खरं काय ते सांगा, गोड बोलून नको.

---

लेन्सखाली

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असेच रिपोर्ट रोज लिहितो, त्यामुळे त्या ओळीची थोडी जबाबदारी आमच्या जमातीवर येते असं समजून सविस्तर लिहितो. तुमच्या भावाच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत हे धरूनच वाचा.

सगळ्यात आधी हॉजकिनची गाठ आतून कशी असते ते बघा, कारण त्याशिवाय ३० टक्के या शब्दाला अर्थच नाही. बाकीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये गाठ म्हणजे मुख्यतः कॅन्सरच्या पेशी. हॉजकिनमध्ये नाही. इथे खऱ्या रोगट पेशी, ज्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, त्या शंभरात एखाद-दुसरीच असतात, कधी त्याहून कमी, कधी थोड्या जास्त. थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये हा आजार वर्णन केला तेव्हा त्याने नुसत्या डोळ्यांनी सुजलेल्या ग्रंथी पाहिल्या होत्या, या मोठ्या, दोन केंद्रकांच्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी नीट ओळखल्या गेल्या १८९८ मध्ये स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांच्याकडून. मुद्दा असा की तुमच्या भावाच्या मानेतला जो फुगवटा हाताला लागत होता त्यातला बहुतेक भाग त्याच्या स्वतःच्या निरोगी पेशींचा होता. टी पेशी, मॅक्रोफेज, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी अशा प्रतिकारशक्तीच्या पेशी, आणि नोड्युलर स्क्लेरोसिसमध्ये त्यांच्यामधून जाणारे तंतूंचे पट्टे.

आता या सगळ्या तिथे जमल्या कशा? त्या रोगट पेशीने बोलावल्या म्हणून. ती पेशी सतत रासायनिक निरोप सोडत असते, त्यातल्या एकाचं नाव टार्क, त्याने विशिष्ट टी पेशी ओढल्या जातात आणि तिच्याभोवती कडं करून बसतात, स्लाइडवर ते अगदी फुलाच्या पाकळ्यांसारखं दिसतं. मॅक्रोफेजही असेच येतात. येताना ते जंतू खाणारेच असतात, पण त्या वातावरणात राहून त्यांचं वागणं बदलतं. ते वाढीला मदत करणारी द्रव्यं सोडायला लागतात, नव्या रक्तवाहिन्यांना उत्तेजन देतात, आणि मुख्य म्हणजे पीडी-एल१ नावाचं प्रथिन पृष्ठभागावर घेऊन उभे राहतात. टी पेशीवर पीडी-१ असतं, ते याला जाऊन टेकलं की टी पेशीचा हात ढिला पडतो. रोगट पेशीच्या लगतचे मॅक्रोफेज यात पुढे असतात. म्हणजे राखणदार आले खरे, पण चोराच्याच दाराशी उभे राहून इतर राखणदारांना अडवायला लागले, असं. तुमच्या ‘उलटं कसं’ याचं उत्तर हे.

२०१० चा तुम्ही वाचलात तो अभ्यास खरा आणि महत्त्वाचा आहे, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या गटाचा. मॅक्रोफेज जास्त असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतरसुद्धा. आणि मर्यादित स्टेजच्या ज्या रुग्णांमध्ये ते वाढलेले नव्हते त्यांच्यात दीर्घकाळात हॉजकिनने एकही मृत्यू नव्हता. हे शेवटचं वाक्य लोक फार उचलून धरतात, आणि मग जे त्या गटात नाहीत ते घाबरतात. पण ‘तो गट उत्तम’ याचा अर्थ ‘बाकीचे बुडाले’ असा होत नाही हो. त्यानंतर कितीतरी ठिकाणी हेच मोजून बघितलं, काही ठिकाणी तसंच दिसलं, अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलच्या नमुन्यांवर २०१२ मध्ये पुन्हा तोच कल निघाला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला काहीच संबंध सापडला नाही.

आणि मोजण्याचं म्हणाल तर तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. सीडी६८ या मॅक्रोफेजच्या खुणेसाठी बाजारात पेशी रंगवायच्या वेगवेगळ्या अँटिबॉडी मिळतात. केपी१ नावाची वापरली तर मॅक्रोफेजसोबत इतर काही पांढऱ्या पेशीही रंगतात आणि आकडा फुगतो, पीजीएम१ वापरली तर त्यामानाने कमी येतो. मॅक्रोफेजला लांब फाटे असतात, एका पेशीचे तीन तुकडे दिसले तर तीन मोजायच्या की एक? काही जण पेशी मोजतात, काही रंगलेलं क्षेत्रफळ. त्यात गाठीच्या एका कोपऱ्यात ते गच्च असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात विरळ. ‘अंदाजे ३०’ हा शब्द अंदाजे याच अर्थाने घ्यायचा. मी पाहिलं तर २० म्हणेन, शेजारच्या टेबलावरचे ४० म्हणतील, आणि दोघंही खोटं बोलत नसू.

औषधं बदलायची का, तर नाही. निव्वळ या आकड्यावर स्टेज २ हॉजकिनचे उपचार ठरत नाहीत. ते ठरतात छातीतली गाठ किती मोठी, किती जागी गाठी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) किती, ताप-रात्रीचा घाम-वजन घटणं आहे का, यावर, आणि पुढे दोन सायकलनंतरच्या पेटवर.

---

पुन्हा_पहाट

ताई मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. माझा लिंफोमा वेगळा, फॉलिक्युलर, बी पेशींचा, हळू वाढणारा. बारा वर्षं झाली. तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण माझ्या पहिल्या रिपोर्टातही हीच भाषा होती, मॅक्रोफेज भरपूर म्हणून. त्या वेळी ज्यांच्याकडे सेकंड ओपिनियनला गेलो त्यांनी कागद बघून सरळ सांगितलं की हे चांगलं लक्षण नाही, दोन-चार वर्षांचा हिशोब धरा. मी घरी येऊन विम्याचे कागद काढून बसलो होतो, मुलगी तेव्हा तिसरीत होती. मग माझ्या मूळ डॉक्टरांनी बसवून समजावलं की ते जे सांगताहेत ते जुन्या औषधांच्या काळातलं आहे, आता तुम्हाला रिटुक्सिमॅब मिळणार आहे आणि त्याने गणित बदलतं. मला आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि सोबत केमो) सहा सायकल दिली, नंतर दोन वर्षं नुसतं रिटुक्सिमॅब. मधे एकदा काखेत छोटी गाठ आली होती, बघत राहू म्हणाले, बघत राहिलो, ती तेवढीच राहिली.

माझ्या एकट्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण ते दोन-चार वर्षांचं वाक्य मी किती रात्री उशाशी घेऊन झोपलो ते मलाच माहीत. म्हणून सांगतो, रिपोर्टातली एक ओळ घेऊन एकट्याने रात्री शोधत बसू नका. जागरणाने काही हाती लागत नाही, दुसऱ्या दिवशी भावाबरोबर जायला अंगात ताकद मात्र राहत नाही.

---

तळ्याकाठी

दोघांचे खूप आभार, वाचताना रडू आलं पण बऱ्याच दिवसांनी बरं वाटणारं. लेन्सखाली सर, ‘दार अडवणारे राखणदार’ कळलं. पुन्हा_पहाट दादा, तुमचं एक वाक्य मात्र डोक्यात अडकलंय, औषधाने गणित बदलतं म्हणजे काय? पेशी तर त्याच आणि गाठही तीच, मग औषध बदललं म्हणून आधी वाईट असलेली गोष्ट चांगली कशी होईल? आणि अजून एक, काही ठिकाणी टी पेशी जास्त तर चांगलं असं वाचलं, काही ठिकाणी रेग्युलेटरी टी पेशी जास्त तर चांगलं असंही वाचलं, पण त्या तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या असतात ना? मला आता काहीच सरळ लागेना.

---

टी_पेशीवाली

हे मी सांगते, कारण माझी पीएचडी याच भानगडीत चाललीये आणि तुमचा प्रश्न अगदी जिथे दुखतं तिथेच आहे.

फॉलिक्युलरची गोष्ट आधी, कारण सगळ्यात जास्त शिकवणारी तीच. २००४ मध्ये १९१ रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या बायोप्सी घेऊन त्यातली जनुकं मोजली गेली. सगळ्यांना वाटत होतं की पुढचं भवितव्य रोगट बी पेशींच्या जनुकांत लिहिलेलं असणार. निघालं भलतंच. सगळ्यात ठळक दोन सह्या, म्हणजे जनुकांचे ठरावीक नमुने, मिळाल्या त्या रोगट पेशींच्या नव्हत्याच, आजूबाजूच्या निरोगी पेशींच्या होत्या. एकीत टी पेशींची जनुकं जास्त, ते रुग्ण जास्त जगले. दुसरीत मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींची, ते कमी. चार गट पाडले तर वरच्या गटात निम्मे रुग्ण १३.६ वर्षांपुढे होते आणि खालच्यात ३.९. मग २००५ मध्ये नुसत्या मायक्रोस्कोपखाली मॅक्रोफेज मोजले, एका हाय पॉवर फील्डमध्ये (मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागात) १५ पेक्षा जास्त तर वाईट. पुन्हा_पहाट दादांना जे सांगितलं गेलं ते बहुधा इथून आलेलं असणार.

आता रिटुक्सिमॅब. ही एक अँटिबॉडी आहे, ती बी पेशीवरच्या सीडी२० ला जाऊन चिकटते. चिकटल्यावर तिची शेपूट बाहेर लोंबत राहते, आणि ती शेपूट पकडायचे हात कुणाकडे असतात? मॅक्रोफेजकडे. तो शेपटीला धरून अख्खी बी पेशी गिळतो. म्हणजे काल जो मॅक्रोफेज रोगट पेशीला आधार देत बसला होता त्याच्याच हातात आज कुणीतरी पकड आणून दिली. २००७ मध्ये फिनलंडच्या गटाने रिटुक्सिमॅब मिळालेल्या रुग्णांत बघितलं तर जास्त मॅक्रोफेज असलेले उलट चांगले निघाले. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या नमुन्यांत त्यांचा वाईट परिणाम रिटुक्सिमॅबने पुसून गेलेला दिसला. आणि २०१५ मध्ये तर अजून गुंता, सीडी१६३ (मॅक्रोफेजची दुसरी खूण) मोजलं तेव्हा रिटुक्सिमॅब दोन्हीकडे होतं पण सोबतची केमो वेगळी होती, आर-सीव्हीपी घेतलेल्यांत जास्त मॅक्रोफेज वाईट आणि आर-चॉप घेतलेल्यांत चांगले. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. आपण ‘ही पेशी चांगली, ही वाईट’ अशी यादी करायला निघालो होतो, आणि हिशोब निघाला पेशी गुणिले औषध असा.

हॉजकिनमध्ये मात्र रीड-स्टर्नबर्ग पेशीवर सीडी२० बहुतेकदा नसतं, त्यामुळे ताई, रिटुक्सिमॅबचं गणित तुमच्या भावाला जसंच्या तसं लावू नका. तिथे मॅक्रोफेजची बाजू पीडी-एल१ मुळे महत्त्वाची. आणि त्यावरही औषध आलंच ना, निव्होलुमॅब. ते पीडी-१ वरच जाऊन बसतं, मग दार अडवून उपयोग राहत नाही. २०१५ मध्ये सगळे उपचार थकलेल्या २३ हॉजकिन रुग्णांना ते दिलं तेव्हा ८७ टक्क्यांना गुण आला, कॅन्सरमध्ये असले आकडे सहसा दिसत नाहीत. या पीडी-१ आणि तसल्याच ब्रेकच्या कामासाठी २०१८ चं नोबेल होंजो आणि अ‍ॅलिसन यांना मिळालं. आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये स्टेज ३ आणि ४ साठी पहिल्याच उपचारात एव्हीडीसोबत (म्हणजे ब्लिओमायसिन वगळलेलं एबीव्हीडी) निव्होलुमॅब दिलं तर दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले ९२ टक्के होते, त्याऐवजी ब्रेंटुक्सिमॅब (रोगट पेशीवरच्या सीडी३० ला चिकटणारं औषध) दिलेल्यांत ८३. म्हणजे २०१० च्या अभ्यासातल्या रुग्णांकडे यातलं काहीही नव्हतं हे लक्षात ठेवा.

आता रेग्युलेटरी टी पेशी. त्या केंद्रकातल्या फॉक्सपी३ ने ओळखतात. बाकी बऱ्याच कॅन्सरमध्ये त्या जास्त असणं वाईट मानतात. हॉजकिनमध्ये २००५ मध्ये उलटं दिसलं, फॉक्सपी३ वाल्या कमी आणि मारक टी पेशी जास्त असे रुग्ण वाईट. फॉलिक्युलरमध्येही पुढच्या वर्षी फॉक्सपी३ जास्त तर चांगलं असंच आलं. का? एक शक्यता अशी की लिंफोमा स्वतःच प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आजार आहे, त्यामुळे जी पेशी प्रतिकारशक्तीला आवरते ती रोगट पेशीलाही आवरत असेल. पण मग २०१० मध्ये अजून एक गोष्ट पुढे आली, किती आहेत यापेक्षा कुठे आहेत. फॉलिक्युलरमध्ये या पेशी फॉलिकलच्या (गाठीतल्या बी पेशींच्या गोल पुंजक्यांच्या) आत आणि कडेला घट्ट बसलेल्या असतील तर वाईट, सगळीकडे विखुरलेल्या असतील तर चांगलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर नुसती टक्केवारी सांगणं म्हणजे घरात किती माणसं आहेत एवढंच सांगणं, कोण कुठल्या खोलीत आणि कुणाशी बोलतंय हे न सांगता. आता एकेका पेशीची जनुकं वाचता येतात, एकाच कापावर चाळीस-चाळीस रंग लावून शेजारी कोण कोण ते बघता येतं, त्यामुळे हळूहळू हे कळायला लागलंय. हॉजकिनमध्ये २०२० मध्ये असंच रोगट पेशीला चिकटून बसलेल्या लॅग३ (पीडी-१ सारखाच एक ब्रेक) वाल्या टी पेशी सापडल्या.

डिफ्यूज लार्ज बी सेल या अजून एका लिंफोमाबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळाच प्रांत आहे, पण तिथेही २००८ मध्ये आर-चॉप घेतलेल्यांत आजूबाजूच्या ऊतीच्या दोन सह्या निघाल्या आणि ज्यात तंतुमय जाळं आणि मॅक्रोफेज जास्त होते ती चांगली ठरली, रक्तवाहिन्या जास्त असलेली वाईट. परत तेच, मॅक्रोफेज, पण चांगल्या बाजूला.

---

खरंखोटं

हे सगळं वाचून माझा एक राग आहे तो बोलतो. जर आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो, औषधागणिक अर्थ बदलतो आणि त्यावर उपचार ठरतच नाहीत, तर तो रिपोर्टात लिहिताच कशाला? एक बहीण पंधरा दिवस झोपलेली नाही त्या एका ओळीपायी. माझ्या बायकोच्या वेळीही असंच झालं होतं, की-६७ चा (पेशी किती वेगाने वाढताहेत त्याचा) आकडा लिहिला होता, कुणी समजावला नाही, आम्ही साप समजून भुई धोपटत बसलो. जे वापरायचंच नाही ते रुग्णाच्या हातात द्यायचं नाही, अशी माझी सरळ मागणी आहे.

---

लेन्सखाली

तुमचा राग रास्त आहे, मी त्याला उत्तर देतो, बचाव नाही करत.

पार्श्वभूमीतल्या पेशींचं वर्णन आम्हाला लिहावंच लागतं, कारण निदानच त्यावर उभं असतं. तीच मोठी पेशी बघा, आजूबाजूला इओसिनोफिल, टी पेशी असा मिश्र मेळा असेल तर क्लासिकल हॉजकिन, आणि मोठ्या बी पेशी थोड्या, भोवती जवळजवळ सगळ्या टी पेशी आणि मॅक्रोफेज, असं असेल तर टी-सेल हिस्टिओसाइट रिच (हिस्टिओसाइट म्हणजे मॅक्रोफेजच) लार्ज बी सेल लिंफोमा असू शकतो, त्याचे उपचार पूर्ण वेगळे. बर्किट लिंफोमामध्ये मॅक्रोफेज असे विखुरलेले असतात की स्लाइड चांदण्यांनी भरलेल्या आकाशासारखी दिसते, तिथे ते मेलेल्या पेशी गिळत असतात आणि ती खूण आम्हाला निदानाकडे नेते, भवितव्याबद्दल तिथून काही काढायचं नसतं. तेव्हा शेजारी कोण आहे हे सांगितल्याशिवाय आमचं काम पुरं होत नाही.

टक्केवारीचं मात्र मी तुमच्या बाजूने आहे. ती लिहायची तर कुठली अँटिबॉडी, कसं मोजलं, आणि ‘सध्या उपचार ठरवायला वापरत नाही’ हे एक वाक्य सोबत हवं. मी स्वतः टक्केवारी लिहीत नाही, ‘पुष्कळ’, ‘मध्यम’, ‘तुरळक’ एवढंच लिहितो. पण रिपोर्ट रुग्णाला अर्धवट द्यावा हे मला पटत नाही. कागद त्यांचा आहे. पाच वर्षांनी कदाचित याच ओळीवर एखादं औषध निवडलं जाईल, तेव्हा ती लिहून ठेवलेली बरी.

अजून एक राहिलं, प्रतिकार पेशी बघायच्याच असतील तर साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) विसरू नका. पुढच्या स्टेजच्या हॉजकिनसाठी १९९८ पासून जो सात मुद्द्यांचा स्कोअर वापरतात त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी १५,००० किंवा जास्त आणि लिंफोसाइट ६०० पेक्षा कमी किंवा ८ टक्क्यांच्या खाली, हे दोन मुद्दे आहेतच. बाकीचे अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, वय, पुरुष असणं आणि स्टेज ४. हे मशीन मोजतं, इथे अंदाजे नसतं. तुमचा भाऊ स्टेज २ असल्यामुळे त्याला हा स्कोअर तसा लागू नाही, पण लोक टक्के-टक्के करत अत्याधुनिक स्टेनच्या मागे धावतात आणि साध्या रक्ताकडे बघत नाहीत म्हणून सांगितलं.

---

सलाईनस्टँड

मी केमो डे-केअरला नर्स आहे, माझं कामापुरतं सांगते.

पहिलं, बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक कुठे आहेत ते विचारून ठेवा आणि पावती फाइलमध्ये लावा. स्लाइड हरवली तर ब्लॉकमधून नवी कापता येते, ब्लॉक हरवला तर काहीच नाही. पुढे कधी पीडी-एल१ किंवा अजून काही बघायचं झालं तर तोच लागतो, आणि अख्खी गाठ काढली होती हे तुमचं नशीब चांगलं, कारण सुईच्या बायोप्सीत जरासा धागा येतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर, गाठ तशी सारखी नसते.

दुसरं, डॉक्टरांना भावासमोर विचारायचं नसेल तर भाऊ वजन-बीपीला जातो तेव्हा विचारा, किंवा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आमच्यासारख्या कुणाकडे द्या, आम्ही पोचवतो. पण खरं सांगू का, २७ वर्षांचा मुलगा आहे. त्याने फाइल आधीच वाचली असण्याची शक्यता खूप आहे. आमच्याकडे असे किती येतात, घरचे त्याच्यापासून लपवतात आणि तो घरच्यांपासून.

तिसरं, दोन सायकलनंतरच्या पेटमध्ये डोव्हिल म्हणून १ ते ५ आकडा देतात. १, २, ३ आले तर सहसा औषधाने चांगलं काम केलं असं धरतात, ४-५ आले तर डॉक्टर उपचार वाढवायचा विचार करतात. पुढच्या स्टेजच्या रुग्णांत तर २०१६ च्या अभ्यासावरून पेट चांगला आला की पुढच्या सायकलमधून एबीव्हीडीतलं ब्लिओमायसिन काढतात, फुफ्फुसांना त्रास कमी होतो. तुम्हाला काळजी करायला एक आकडा हवाच असेल तर तो हा ठेवा, कारण हा त्याच्या अंगात औषध प्रत्यक्ष काय करतंय ते सांगतो. आणि तोवर ताप १००.४ च्या वर गेला तर वाट न बघता रात्री असली तरी फोन करायचा, हे टक्केवारीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

---

तळ्याकाठी

काल जाऊन आलो, म्हणून लिहितेय. सलाईनस्टँड ताई, तुमचं खरं निघालं. मी गाडीत बसल्यावर धीर करून विषय काढला तर तो म्हणाला तायडे मी ते पान पहिल्याच दिवशी वाचलं, तुला कळू नये म्हणून फाइलमध्ये मागे सरकवलं होतं. आम्ही दोघं पंधरा दिवस एकमेकांपासून एकच कागद लपवत होतो.

मग त्यानेच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नीट वेळ दिला, पाच नाही वीस मिनिटं. म्हणाले छातीतली गाठ मोठ्या आकाराच्या व्याख्येत बसत नाही, ईएसआर ३८ आहे, ताप-घाम नाही, या तीन गोष्टी ते बघताहेत. सीडी६८ बद्दल म्हणाले हे मी नोंदवून ठेवलंय पण आज त्यावरून काही बदलणार नाही, जर कधी पुढे गरज पडली तर पीडी-१ चं औषध आहे हे डोक्यात ठेवा. ब्लॉकची पावती घेतली, फाइलच्या पहिल्या कप्प्यात लावलीये.

लेन्सखाली सर, तुमचा तो भाग मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला, गाठीत रोगट पेशी शंभरात एखाद-दुसरी असतात तो. तो बराच वेळ गप्प होता, मग मानेवरच्या टाक्यांच्या खुणेवर हात ठेवून म्हणाला, म्हणजे ती गाठ बहुतेक मीच होतो. त्याच्या बोलण्यात भीती नव्हती, मला ते महत्त्वाचं वाटलं.

दुसऱ्या सायकलचा दुसरा डोस पुढच्या गुरुवारी आहे, पेट त्यानंतर. डोव्हिलचा आकडा आला की इथेच लिहीन.

---

पुन्हा_पहाट

लिहा ताई. जो येईल तो लिहा, आम्ही आहोत.